हातजाळी : अर्ध्या सेकंदाची विद्या

भोवरा जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढीच अट. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळून हात झोकायचा, भोवरा समोर सुटला की तो खाली यायच्या आत जाळीला मागे हिसका द्यायचा, आणि उलटा फिरलेला, भिरभिरता भोवरा तळहातावर घ्यायचा. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत वाढलेल्या पिढ्यांनी याला हातजाळी म्हटलं. भोवरा नुसता फिरवायला एखादी दुपार पुरते. हातजाळीला अख्खी सुट्टी जाते, आणि आज आली म्हणून उद्या येईलच याची खात्री नसते.

बघणाऱ्याला ती मनगटाची चलाखी वाटते. ज्याच्या हातात ती बसली आहे, त्याला ठाऊक असतं की भोवरा सुटण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. जाळी कुठून सुरू केली, पहिले दोन वेढे किती घट्ट बसले, दुसरं टोक बोटांत कसं धरलं, यावर पुढचं सगळं ठरतं. हे कौशल्य मुंबईत शंभर वर्षं तरी हातोहात फिरलं. मोठ्या मुलाचं बघून लहान मुलगा शिकला आणि तो मोठा झाल्यावर त्याचं बघून तिसरा. कोणी ते नीट लिहून ठेवलं नाही. पुढच्या पानांत तेच काम हाती घेतलं आहे, आणि ते का करावंसं वाटावं हे इथे थोडं विस्ताराने सांगायला हवं.

हातजाळीला सर्वांत जवळचा खेळ यो-योचा. दोन्हींत दोरी आहे, फिरणारी वस्तू आहे आणि ती परत हाताशी यायला हवी. फरक एवढाच की यो-यो दोरीला कायमचा अडकलेला असतो, तर भोवरा जाळीतून सुटतो आणि तिच्यापासून मोकळा होतो. यो-योही जुना. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पात्रावर दोरीने चकती खेळवणारा मुलगा रंगवलेला आहे. पण आज जगाला ठाऊक असलेला यो-यो पेद्रो फ्लोरेस या फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या माणसामुळे घरोघरी पोचला. १९२८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-यो बनवायला सुरुवात केली. त्याच्या यो-योत दोरी मधल्या दांडीला गाठ मारून बांधलेली नव्हती. ती दांडीभोवती सैल फासासारखी होती. त्यामुळे खाली गेलेला यो-यो लगेच वर न चढता दोरीच्या टोकाशी फिरत राहू शकत असे. नंतर रचल्या गेलेल्या कितीतरी करामती या एका सैल फासावर उभ्या आहेत.

फ्लोरेसचा व्यवसाय डोनाल्ड डंकन या उद्योजकाने विकत घेतला आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्याने फिलिपिनो खेळाडूंना गावोगाव पाठवलं. ते शाळेच्या आणि दुकानांच्या बाहेर उभे राहून मुलांना करामती दाखवत, शिकवत, स्पर्धा घेत. प्रत्येक करामतीला नाव होतं: ‘वॉक द डॉग’, ‘रॉक द बेबी’, ‘अराउंड द वर्ल्ड’, आणि हात चांगला बसल्यावर घ्यायची ‘स्प्लिट द अ‍ॅटम’. नाव असलं की क्रम लावता येतो. कोणती आधी, कोणती नंतर, कोणती आल्याशिवाय कोणतीला हात घालू नये, हे मुलाला कळतं. १९६२ या एका वर्षात डंकन कंपनीने साडेचार कोटी यो-यो विकले. त्यात जाहिरातीचा वाटा होताच, पण शिकवणाऱ्या माणसांचा आणि त्या नावांच्या यादीचा वाटा कमी धरता येणार नाही.

मराठी मुलखात अशी माणसं नव्हती असं अजिबात नाही. ती दुसऱ्या खेळांकडे गेली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. हुतुतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातच दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. मल्लखांबाचं उदाहरण तर दादरच्याच मातीतलं आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवं रूप दिलं, ती शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात १९२५ पासून शिकवली जाते आहे. तिथे लाकडी खांबावर आणि लोंबत्या दोरावर एकेक पकड, एकेक आसन आणि एकेक उडी ठरलेल्या क्रमाने अंगात मुरवली जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच शिवाजी पार्कात मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, देशोदेशीचे खेळाडू आले. तिथे आयुष्य वेचलेले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दोरावर उलटं लटकून पायाच्या अंगठ्यात दोर पकडणं हातजाळीपेक्षा कितीतरी अवघड. तरी ते आज शेकडो मुलांना येतं, कारण ते कसं शिकवायचं हे कोणीतरी ठरवून ठेवलं आहे.

भोवऱ्याच्या वाट्याला हे आलं नाही. ज्या खेळात दोन संघ आणि एक पंच लागतो, त्याला नियमांचं पुस्तक लागतंच. ज्या खेळाने अंग कमावलं जातं, त्याला व्यायामशाळा आणि गुरुजी मिळाले. भोवऱ्याला पंच लागत नव्हता आणि त्याने दंडही भरत नव्हते. तो मुलांच्या खिशात राहिला, म्हणून मोठ्यांच्या टिपणवहीत गेला नाही. याची खंत वाटते, कारण शरीराला नेमकेपणा शिकवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं शोधूनही सापडणार नाही.

चाळीत भोवऱ्याला जागा होती आणि जागेनेच खेळाचा पोत ठरवला. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे सरकारने बांधलेल्या बी.डी.डी.च्या २०७ चाळी, गिरणगावातल्या खाजगी चाळी, गिरगावातल्या फणसवाडी-मुगभाटातल्या वाड्या, या सगळ्यांत खोल्या लहान आणि बाहेरची मोकळी जागा सामाईक होती. दोन इमारतींमधल्या मातीच्या पट्ट्यात भोवऱ्याची आर, म्हणजे खालचा खिळा, रुतायची आणि तो जागच्या जागी फिरायचा. शहाबादी फरशीवर तो घसरत, भटकत जायचा. सिमेंटच्या कोब्यावर आरीचा खर्रर आवाज यायचा आणि ती लवकर झिजायची. एकच भोवरा तीन ठिकाणी तीन तऱ्हेने वागतो हे ज्ञान चाळीतल्या पोराला दहाव्या वर्षीच झालेलं असे. व्हरांड्यात मात्र भोवरा फेकायला मनाई. खिडक्यांच्या काचा, वाळत घातलेले पापड आणि पाण्याची पिंपं, सगळंच धोक्यात.

तिथे हातजाळीला खेळाच्या नियमातच स्थान होतं. जमिनीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने रिंगण काढायचं. सगळ्यांनी एकदम भोवरे फिरवून ते जाळीने उचलून झेलायचे. ज्याला झेलता आला नाही किंवा जो सर्वांत शेवटी राहिला, त्याचा भोवरा रिंगणात. मग बाकीचे आपापल्या भोवऱ्याची आर त्यावर मारणार, खोचा पाडणार, हाताचं बळ असेल तर फोडूनही टाकणार. ज्याला हातजाळी पक्की येते, त्याचा भोवरा जमिनीला न लागताच हातात आलेला असतो. तो रिंगणातून वाचतो. नव्या, रंग न उडालेल्या भोवऱ्यावर ज्याचं प्रेम, तो हातजाळी जीव लावून शिकणार हे उघड आहे. गल्लीगणिक नियम थोडे बदलत. झेललेला भोवरा हातावर किती फिरला पाहिजे, हाताला लागून पडला तर धरायचं का, यावर वाद होत आणि ते तिथल्या तिथे मिटतही.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. हा खेळ बहुतेक मुलग्यांकडे राहिला. मुलींकडे सागरगोटे, बिट्ट्या, दोरीच्या उड्या. सागरगोट्यांत वर उडवलेला गोटा खाली यायच्या आत बाकीचे उचलून त्याला झेलायचं असतं, म्हणजे हातजाळीला लागणारा वेळेचा अंदाज आणि मऊ हात मुलींनी आधीच कमावलेला होता. हातजाळीला ताकद लागत नाही. भोवरा मुलींच्या हाती आला असता तर ही विद्या दुपटीने पसरली असती, आणि आता शिकवताना ही चूक दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

आता साधनाकडे वळू. भोवरा लाकडाचा, कातलेला, वर रुंद आणि खाली निमुळता. निमुळत्या भागावर बारीक खाचा असतात, त्यांत जाळी बसते. खाली ठोकलेला लोखंडी खिळा म्हणजे आर. मुंबईत भोवरे खेळण्यांच्या दुकानांत मिळत तसे प्रभादेवीच्या नि महालक्ष्मीच्या जत्रेतल्या फळ्यांवरही मिळत. मुंबईच्या चाकरमान्यांची मुळं ज्या कोकणात, तिथे सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेचे रंग चढवलेली लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. तिथला रंगीत भोवरा देखणा, पण हलका. शोभेला आणि लहान मुलाला तो छान. हातजाळीला जड, भरीव लाकडाचा भोवरा बरा, कारण जड वस्तूला एकदा फिरकी मिळाली की ती सहज मोडत नाही. विकत घेताना भोवरा आरीवर उभा धरून दोन बोटांनी हलकेच गिरकी द्यावी. माथा एका बाजूला झोल खात असेल तर आर मधोमध नाही. तसला भोवरा कितीही मेहनत घेतली तरी तळहातावर नाचतो आणि निसटतो.

आरीचं टोक हा खास विषय. रिंगणात मारामारी करायची तर आर अणकुचीदार हवी. हातजाळीला तीच आर तळव्याला टोचते, आणि टोचलं की हात आपोआप मागे जातो. म्हणून ती दगडावर घासून गोल करायची. गोल टोकाची आर कातडीवर रुतत नाही, आणि टोकाच्या घर्षणामुळे कललेला भोवरा स्वतःहून सरळ उभा राहायलाही मदत होते. ज्याला दोन्ही खेळायचं आहे त्याने दोन भोवरे ठेवावेत.

जाळी सुताची. गिरणगावात सुताशी संबंध नसलेलं घर विरळा. १९८२च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांत होते, आणि त्यांतले बहुतेक याच परिसरात राहत. सुती जाळी लाकडाला धरते. नायलॉनची दोरी गुळगुळीत, ती वेढ्यावरून वेढा घसरू देते आणि भोवरा वाकडा सुटतो. मुलं जाळीचं टोक तोंडात घालून ओलं करतात त्यालाही कारण आहे. ओलं सूत लाकडाला चिकटतं आणि पहिला वेढा हलत नाही. पण पूर्ण भिजलेली जाळी फुगते, जड होते आणि सुटताना अडखळते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कोरडी जाळीसुद्धा दमट असते, तेव्हा टोक ओलं करायची गरज पडत नाही.

लांबी दीडेक मीटर. भोवऱ्याच्या निमुळत्या भागाचा सरासरी घेर दहा सेंटिमीटर धरला तर साधारण पंधरा वेढे होतात. हे पंधरा वेढे एका झोकात सुटायचे असतात. आता दुसरा आकडा. छातीच्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून सोडलेली कोणतीही वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागते. भोवरा आडवा फेकला तरी पडण्याचा वेळ तेवढाच, कारण पुढे जाण्याचा वेग पडण्याला थांबवत नाही. म्हणजे फेकणं, पंधरा वेढ्यांतले बहुतेक सुटणं, हिसका, परतीचा प्रवास आणि झेल, हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकायचं. हिशेब असा समोर आला की हातजाळी का अडते ते लख्ख कळतं. या वेळात विचार करता येत नाही. जे व्हायचं ते हाताला आधीच माहीत असावं लागतं.

हिसक्याची वेळ हा हातजाळीचा गाभा. शेवटचे दोन-तीन वेढे भोवऱ्यावर शिल्लक असताना जाळी मागे ओढली, तर ती ओढ एकाच वेळी दोन कामं करते. भोवऱ्याला आणखी फिरकी देते आणि त्याची दिशा उलटवून त्याला खेळणाऱ्याकडे आणते. मग उरलेले वेढे सुटतात, जाळी मोकळी होते आणि भोवरा छोटीशी कमान करत हाताकडे येतो. हिसका उशिरा बसला तर जाळी रिकामी झालेली असते, ओढायला काही उरत नाही, भोवरा सरळ समोर जातो. लवकर बसला तर वेढे पुष्कळ शिल्लक असतात. भोवरा परत येतो खरा, पण फिरकी कमी आणि अंगावर जाळी, तो हातावर पडून आडवा होतो. शिकणारा पहिले काही दिवस या दोन टोकांमध्ये फिरत राहतो. हातजाळी येते म्हणजे ही मधली जागा हाताला सापडते.

दुसरी अट कलाची. फिरणारी वस्तू आपला अक्ष जपते, हवेत असताना तो सहजी बदलत नाही. भोवरा सुटतानाच तिरका सुटला तर तो तिरकाच परत येणार, आणि आरीऐवजी कडेवर पडणार. हवेत कोणी तो सरळ करू शकत नाही. म्हणून चूक झेलण्यात दिसली तरी तिचं मूळ बहुधा सोडण्यात असतं, आणि सोडण्यातल्या चुकीचं मूळ गुंडाळण्यात. शिकवणाऱ्याने तळहाताकडे बघण्याआधी जाळीकडे बघावं.

जाळी गुंडाळताना बारकाईने पाहिलं तर असं दिसतं. डाव्या हातात भोवरा, आर वर. जाळीचं ओलं टोक आरीच्या मुळाशी अंगठ्याने दाबून धरलेलं. पहिला वेढा त्या टोकावरूनच जातो आणि त्याला जखडतो. दुसरा पहिल्याला खेटून. मग प्रत्येक वेढा आधीच्याच्या शेजारी, वर कधीच नाही. उजव्या हाताने जाळी ताणलेली ठेवायची आणि डाव्या हाताने भोवरा फिरवत जायचं. ताण शेवटपर्यंत एकसारखा. रुंद भागाशी आलं की थांबायचं. दुसऱ्या टोकाला गाठ, बटण किंवा बाटलीचं बूच असतं, ते मधल्या दोन बोटांच्या फटीत अडकवलं की जाळी हातातून निघून जात नाही. एक वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर सुटताना तिथे क्षणभर अडकतो, आणि त्या अडकण्याने भोवरा मान टाकतो. सवय झालेला हात बोटाच्या पेराने वेढे चाचपतो, डोळ्यांनी बघायची गरज उरत नाही.

हातजाळीआधीच्या पायऱ्या गाळू नयेत. आधी भोवरा जमिनीवर सरळ उभा फिरवता यावा. मग फिरत्या भोवऱ्याखाली तर्जनी आणि मधलं बोट फाकवून सरकवायचं, आर दोन्हींच्या फटीत आली की हलका उडवून तळव्यावर घ्यायचा. इथे तळव्याला भोवऱ्याची ओळख होते, गुदगुल्या होतात, पहिल्यांदा हात दचकतो आणि मग दचकायचा थांबतो. त्यानंतर जाळीच्या फासाने जमिनीवरचा भोवरा उचलून हवेत उडवायचा आणि झेलायचा. यात झेलाचा सराव होतो, हिसक्याची चिंता नसते. हे तिन्ही बसले की मग हातजाळी. झेलताना तळवा किंचित खोलगट, बोटं जुळलेली आणि थोडी खाली वळलेली, नाहीतर भोवऱ्याची कड बोटांना लागते. भोवऱ्याला हात लागताक्षणी हाताने थोडं खाली जायचं. स्लिपमध्ये झेल घेणारा क्षेत्ररक्षक चेंडूबरोबर हात मागे नेतो, तसंच.

हीच करामत जगात आणखी ठिकाणी सापडते. जपानमध्ये फेकलेला भोवरा दोरीने उलटवून हातावर घेण्याला पाकोळीच्या झेपेवरून नाव दिलेलं आहे: त्सुबामे-गाएशी. मेक्सिकोत ‘त्रोंपो’ फिरवणारी मुलं तोच झेल घेतात. मलेशियात केलांतानच्या बाजूला पाच-पाच किलोचे भोवरे दोराने फेकून, लाकडी फळीवर उचलून तासन्‌तास फिरवत ठेवण्याच्या स्पर्धा होतात. या लोकांनी एकमेकांकडून शिकलेलं दिसत नाही. दोरी आणि फिरणारं लाकूड हातात आलं की माणसाचा हात त्याच युक्तीपर्यंत पोचतो असं म्हणायला जागा आहे.

आणि ही गोष्ट पोरखेळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी एवढं सांगावं. भोवऱ्याचं गणित ऑयलर आणि लाग्रांज यांच्यापासून मोठमोठ्या गणितज्ञांना पुरून उरलं. १८८८ मध्ये सोफिया कोवालेव्हस्काया हिने एका बिंदूभोवती फिरणाऱ्या घन वस्तूच्या गतीचा एक नवा प्रकार सोडवून दाखवला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तिला बोर्दां पारितोषिक दिलं आणि काम इतकं मोलाचं वाटलं की तीन हजार फ्रँकचं बक्षीस पाच हजारांवर नेलं. फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड झोमरफेल्ट यांनी १८९७ ते १९१० या काळात भोवऱ्याच्या सिद्धांतावर चार खंड लिहिले. फिरकी कमी होत गेली की भोवरा डुलायला का लागतो, आणि मरायला टेकल्यावर ते डुलणं वेगाने का वाढतं, याचं उत्तर त्या गणितात आहे. लालबागच्या मुलाने ते समीकरण पाहिलेलं नसतं. त्या डुलण्यावरून भोवरा आता किती वेळ जगेल हे तो बरोबर सांगतो.

एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी या अवकाशयानातून नासाने काही खेळणी वर नेली, त्यांत यो-योही होता. डेव्हिड ग्रिग्ज या अंतराळवीराने तो चालवून पाहिला. दोरीच्या टोकाशी यो-यो फिरत राहील असं तिथे होईना, कारण त्याला टोकाशी धरून ठेवणारं वजनच नव्हतं. तो लगेच परत येऊ लागला. हातजाळीला तिथे उलटा फायदा मिळेल. भोवरा पडणारच नाही, अर्ध्या सेकंदाची घाई उरणार नाही, हिसका सावकाश देता येईल. पृथ्वीवर हातजाळी अवघड आहे ती गुरुत्वाकर्षणाने लावलेल्या या मुदतीमुळे.

मुलांना फिरणाऱ्या वस्तूंचं वेड अजूनही आहे. जपानच्या ताकारा कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेला बेब्लेड टीव्हीवरच्या मालिकेबरोबर मुंबईत आला, आणि चाळीतल्या तसंच टॉवरमधल्या मुलांनी तो परातीत, टबात, पुठ्ठ्याच्या खोक्यात लढवला. त्यात दातेरी पट्टी ओढली की फिरकी मिळते. प्रत्येकाला जवळपास सारखीच मिळते, म्हणून तो पहिल्या दिवशीच खेळता येतो. ही त्याची सोय आणि हीच त्याची मर्यादा. वेढा, ताण, हिसका, कल यांतलं काहीच हाताला शिकावं लागत नाही. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचं जे मोठं काम उभं केलं, त्यातून हजारो शिक्षकांना कळलं की विज्ञान हाताने शिकता येतं. भोवरा त्याच वर्गातला आहे. आठवीच्या विज्ञानाच्या तासाला एक भोवरा आणि दीड मीटर सूत आणलं तर जडत्व, घर्षण, गुरुत्वाकर्षण तिन्ही टेबलावर येतात.

जागेचा प्रश्न खरा आहे. गिरगावात नि परळमध्ये वाड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, आणि वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना स्वतःचं मोठं घर मिळतं आहे, याचा आनंदच व्हावा. तिथल्या मुलांना दोन इमारतींमधला मातीचा पट्टा मिळणार नाही हेही खरं. पण हातजाळीला मैदान लागत नाही. भोवरा जमिनीला लागायचाच नसतो, त्यामुळे माती आहे की फरशी याने फरक पडत नाही. समोर दोन-अडीच मीटर मोकळी जागा, जवळ काच नाही, समोर माणूस नाही, एवढं पुरे. इमारतीच्या गच्चीचा कोपरा चालतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्याआतली मातीही चालते. सुरुवातीला पायाशी जुनी गोधडी किंवा सतरंजी घडी करून टाकावी. चुकलेला भोवरा त्यावर पडतो, आर वाकत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही. चष्मा असलेल्यांनी तो काढू नये, उलट नसलेल्यांनी साधा गॉगल लावावा, कारण लवकर दिलेल्या हिसक्याने भोवरा तोंडाच्या दिशेने येऊ शकतो.

पुढची प्रकरणं याच क्रमाने जातात. पहिलं जाळीचं, कारण बिघाड बहुतेक तिथेच असतो, आणि त्यात डावऱ्या मुलांसाठी वेढ्याची उलटी दिशा वेगळी दाखवली आहे. बहुतेक डावरी मुलं उजव्यांचं बघून उजव्या दिशेने गुंडाळतात आणि हिसका देताना अडकतात. दुसरं आरीचं. मग जमिनीवरून हातावर, जाळीने उचलणं आणि झेल, आणि त्यानंतरच हातजाळी. हातजाळी बसल्यावर तळव्यावरचा भोवरा नखावर घेणं, एका हातावरून दुसऱ्या हातावर देणं, आणि डाव्या हाताने हातजाळी काढणं हे पुढचे प्रकार शेवटच्या प्रकरणात आहेत. ज्याच्याकडे आज भोवरा नाही, त्याने पहिलं प्रकरण वाचता वाचता एखाद्या लाकडी गोट्यावर सुती दोरीचे वेढे घालायला सुरुवात केली तरी चालेल. वेढ्यावर वेढा चढत नाही ना, एवढंच बोटांनी चाचपत राहावं.